थांबाबाई

त्या ऑफिसातल्या खुर्च्या कुणी हलवायच्या नाहीत, हे झाडायला येणाऱ्या मावशींनाही पाठ झालं होतं. फरशी पुसताना त्या खुर्ची उचलायच्या आणि पुन्हा तिच्या पायांच्या जुन्या डागांवरच ठेवायच्या. टेबलाच्या अलीकडे अशिलाची खुर्ची. पलीकडे, बरोबर समोर, वकीलबाईंची. आणि वकीलबाईंच्या उजव्या खांद्यामागे, हातभर अंतर सोडून, तिसरी. ती दुभाषीची. खिडकी बाजूच्या भिंतीत होती, त्यामुळे उजेड कुणाच्या डोळ्यांत न जाता सगळ्यांच्या हातांवर पडायचा.

चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर दोन खोल्यांची ती संस्था. ऐकू न येणाऱ्या माणसांचे हक्कांचे खटले तिथे फुकट लढवले जात. दाराची बेल दाबली की आवाजासोबत भिंतीवरचा दिवाही लागायचा.

दुभाषी पहिल्यांदा तिथे आली, तेव्हा तिने सवयीने आपली खुर्ची ओढून अशिलाच्या शेजारी नेली. आयुष्यभर ती तिथेच बसत आली होती.

"थांबा," वकीलबाई म्हणाल्या. "तिथे नको. माझ्या मागे."

"मागे? मग मी बोललेलं तुम्हाला..."

"ऐकू येईल. कान शाबूत आहेत माझे. तुम्ही त्यांच्या शेजारी बसलात, की मी तुमच्याकडेच बघत बसणार. आवाज येतो तिकडे मान वळते, त्याला कुणाचा इलाज नाही. मागून बोललात, की मला समोर बघावं लागेल. भांडण त्यांचं आहे ना? मग चेहराही त्यांचाच बघायला हवा."

दुभाषीने खुर्ची मागे नेली. त्या दिवशी समोर एक म्हातारा शिंपी बसला होता. तो हातांनी बोलत होता, दुभाषी मागून त्याचं बोलणं शब्दांत सांगत होती, आणि वकीलबाई एकदाही न वळता त्याच्याकडे बघत होत्या. त्याने मालकाची नक्कल केली तेव्हा त्या त्याच्याकडे बघून हसल्या. मग म्हातारा मध्येच थांबला, दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसता बसून राहिला. त्याही बसून राहिल्या. दुभाषी चाळिशीला टेकली होती, आणि असं कुणी कुणाशी बोलताना तिने आजवर पाहिलं नव्हतं.

तिचे आईबाबा दोघंही बहिरे. बाबा पुस्तकांची बांधणी करायचे, आई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. बोलायला लागल्यापासून तीच त्यांचं तोंड झाली होती. दुकानात, शाळेत, दवाखान्यात लोक तिच्याशी बोलायचे, तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे, आणि आईबाबा बाजूला सामानासारखे उभे. दुकानदार म्हणायचा, "सांग त्या ठोंब्याला, सुट्टे नाहीत." ती हातांनी सांगायची, 'काका म्हणतात, सुट्टे नाहीत.' ठोंब्या वाटेतच गळायचा. जसं गाळायची, तशी भरही घालायची. आईच्या शेवटच्या आजारात डॉक्टर तिच्यापुढे वाकून म्हणाले, "बाळ, आईला सांग, आता फारसं काही करता येणार नाही." शाळकरी पोर ती. आईकडे वळून तिने हातांनी सांगितलं, 'थोडा वेळ लागेल, पण बरं वाटेल म्हणतात.' आईने तिच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि मान डोलावली. आईला खरं कळलं होतं की नाही, हे तिला आजही ठाऊक नाही.

वकीलबाई ज्या घरातून आल्या, तिथे तीन पिढ्या वकिली होती. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात," त्या सांगायच्या, "आमच्याकडे पायरी चढल्याशिवाय जेवायला वाढत नसत." वडील नावाजलेले वकील, मोठा भाऊ आधीच त्यांच्या हाताखाली, आणि हिच्यासाठी खिडकीजवळचं टेबल पॉलिश करून तयार. वकिलीच्या पहिल्याच वर्षी, वडिलांच्या प्रकरणाचा पुकारा होईपर्यंत ती मागच्या बाकावर बसली होती. समोर एका सुतारावर चोरीचा खटला चालू होता. सुताराला प्रश्न विचारले जात होते आणि तो मान डोलावत होता. चोरी केलीस? मान डोलली. पटाशी तुझीच? मान डोलली. कुणाचा चहा थंड व्हायच्या आत काम आटोपलं.

"बहिरा दिसतोय," वडील पुटपुटले आणि त्यांनी आपली फाइल उघडली.

ती मान तिच्या डोक्यातून जाईना. बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या एका शिक्षिकेला तिने गाठलं. शिक्षिका म्हणाल्या, "अहो, ते 'हो' नसतं. 'बघतोय मी, तुम्ही बोला,' एवढाच त्याचा अर्थ." दोघी तुरुंगात जाऊन सुताराला भेटल्या. शिक्षिकेने हातांनी ओळख करून दिली, ही वकील आहे म्हणून. सुताराने आधी तिला बसायला जागा करून दिली. मग विचारलं, 'माझा खटला कधी सुरू होणार?'

त्या एका प्रश्नाने खिडकीजवळचं टेबल रिकामं राहिलं. सहा महिन्यांसाठी म्हणून ती या संस्थेत आली. "जा, हौस भागवून ये," वडील म्हणाले. केस पांढरे झाले तरी हौस भागली नव्हती. सुताराचं अपील हा तिचा पहिला खटला. तो जिंकेपर्यंत बिचाऱ्याची शिक्षा जवळजवळ भोगून झाली होती. सुटल्यावर त्याने संस्थेला एक खुर्ची करून दिली, रुंद पाठीची, हातांशिवाय; बोलताना कोपर अडायला नको म्हणून. दुभाषी ज्या खुर्चीवर बसायची ती हीच.

भाऊ मात्र चिमटा काढायची संधी सोडत नसे. ऑफिसात आला की भिंतीवरच्या पोपड्यांकडे बघून म्हणायचा, "अगं, इथे पगार मिळतो की नुसते आशीर्वाद?"

"आशीर्वादच, दादा. पण वेळेवर मिळतात. तुझे अशील तेवढं तरी देतात का?"

कोर्टात वकीलबाईंना 'थांबाबाई' म्हणत. शिपायांपासून न्यायाधीशांच्या लघुलेखकापर्यंत सगळे. कामकाज धाडधाड पुढे चाललेलं असताना ही लहान चणीची बाई उठायची आणि म्हणायची, "थांबा, साहेब. माझ्या अशिलापर्यंत अजून पोचलं नाही." सुरुवातीला न्यायाधीश वैतागायचे. एकाने तर विचारलं होतं, "बाई, हे कोर्ट आहे की बसथांबा?" बाई शांतपणे म्हणाल्या, "बसथांबाच समजा, साहेब. सगळे चढल्याशिवाय गाडी सोडायची नाही."

बहिऱ्यांनी त्यांना दुसरं नाव दिलं होतं. त्यांच्यात नावं हातांनी ठेवतात. कुणाच्या गालावर तीळ असेल तर तिथे बोट, कुणी लंगडत असेल तर तशी खूण. बाईंचं नाव होतं, दोन बोटं आपल्या डोळ्यांपासून समोरच्याकडे न्यायची. बघणारी.

बघता बघताच त्यांनी कितीतरी गोष्टी बदलून घेतल्या होत्या, आणि त्यातल्या बहुतेक आता कुणाला बदललेल्या वाटतही नसत. बहिऱ्यांना गाडी चालवायचा परवाना मिळत नव्हता तेव्हाची गंमत वकील लोक अजून एकमेकांना सांगत. "याला हॉर्न ऐकू येणार कसा?" न्यायाधीशांनी विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "साहेब, आपण काचा वर करून, गाणी लावून गाडी चालवता, तेव्हा आपल्याला ऐकू येतो तसाच." परवाना मिळाला. हरलेल्या खटल्यांबद्दल कुणी विचारलं तर त्या दारामागच्या कपाटाकडे बोट दाखवायच्या. फायलींच्या गर्दीने कपाटाचं दार नीट लागत नसे.

त्यांची एक पद्धत मात्र भावाला अजिबात पटत नव्हती. त्या साक्षीदाराला पढवत नसत. साक्षीच्या आधी त्या अशिलाच्या घरी जाऊन दिवसभर बसायच्या, बघायच्या, भाजी निवडू लागायच्या. पण कोर्टात काय बोल, हे सांगायच्या नाहीत. "न पढवता साक्षीदार उभा करतेस?" भाऊ म्हणायचा. "पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलण्यासारखं आहे हे."

"या लोकांना जन्मभर दुसऱ्यांनीच वाक्यं दिलीत रे," बाई म्हणायच्या. "निदान कोर्टात तरी त्यांचं स्वतःचं असू दे. बुडालं तर बुडालं."

दुभाषीला या बोलण्याची भीतीही वाटायची आणि त्याचा अभिमानही. त्या खुर्चीवर बसून बरीच वर्षं तिने ना काही गाळलं, ना काही भर घातली. शिवी आली तर शिवी सांगितली. लहानपणची खोड मोडली, असं ती समजून चालली होती.

आणि मग एका लहान मुलीची आई आली.

पुठ्ठ्याची खोकी बनवण्याच्या कारखान्यात काम करणारी, तिशीही न गाठलेली बाई. जन्मापासून बहिरी. नवरा सोडून गेलेला. शाळा दोन-चार वर्षंच, त्यामुळे वाचणंही अडखळत. तिची चार वर्षांची मुलगी, ऐकू येणारी, बोलणारी, एकदा तापाने फणफणली. ती मुलीला घेऊन सरकारी दवाखान्यात धावली. तिथे कुणीतरी चेहऱ्याजवळ तोंड आणून मोठमोठ्याने प्रश्न विचारले; ते काय होते, हे तिला फार नंतर कळलं. घरी मुलीकडे बघायला कुणी नाही? आईने मान डोलावली. तुला एकटीला झेपत नाही? मान डोलली. मग हिला काही दिवस बालगृहात ठेवायचं? मान डोलली.

ताप उतरल्यावर ती मुलीला न्यायला गेली, तेव्हा खाट रिकामी होती.

हे सगळं सांगताना तिचे हात थांबत नव्हते. वकीलबाई समोर बसून ऐकत होत्या. मान डोलावण्याचं आलं तेव्हा त्यांनी डोळे क्षणभर मिटले. इतक्या वर्षांत दुभाषीने त्यांना अशिलासमोर डोळे मिटताना पहिल्यांदाच पाहिलं.

"अजून तेच," त्या एवढंच म्हणाल्या. मग डोळे उघडून त्या आईकडे बघत राहिल्या.

बालगृहाचं म्हणणं साधं होतं. आई बहिरी, घरात दुसरं माणूस नाही, मुलीचं रडणंही हिला कळणार नाही. मुलीला चांगल्या घरी दत्तक द्यावं. कागद पुढे सरकत होते. कोर्टातली ही सुनावणी हरली, तर मुलगी दुसऱ्या कुणाची तरी होणार होती.

सुनावणीच्या सकाळी बाईंनी नेहमीसारखी आधी खोली बघितली. साक्षीदाराचा पिंजरा खिडकीकडे पाठ करून होता. "तो फिरवून घ्या," त्यांनी शिपायाला सांगितलं. "पाठीमागून उजेड आला तर हात काळे दिसतात." शिपाई कुरकुरला, "थांबाबाई, तुमच्यासाठी आम्ही कोर्टच फिरवायचं का?" आणि त्याने दुसऱ्याला हाक मारून पिंजरा फिरवला. दुभाषी, हात उठून दिसावेत म्हणून गडद, बिननक्षीचे कपडे घालून, न्यायाधीशांच्या मेजाशी उभी राहिली, साक्षीदाराला बरोबर समोर दिसेल अशी.

आधी बालगृहातल्या सांभाळणाऱ्या बाईची साक्ष झाली. वयस्क, मायाळू, जरा घाबरलेली. सरकारी वकिलांनी विचारलं, मुलगी कशी आहे?

"शहाणी आहे हो. पण जरा वेगळीच. रडत नाही. बाकीची मुलं रात्री जाग आली की भोकाड पसरतात. ही मुकाट उठते, अंधारातून येते आणि माझ्या गालावर हात ठेवून उभी राहते. पहिल्यांदा तर माझी बोबडीच वळली."

"म्हणजे मुलीच्या मनावर परिणाम झालाय," सरकारी वकील न्यायाधीशांकडे वळून म्हणाले. "रडायचं कसं, हेदेखील हे मूल विसरलंय, साहेब."

न्यायाधीशांनी काहीतरी लिहून घेतलं. सांभाळणारी बाई मागच्या बाकावर जाऊन बसली.

मग आई पिंजऱ्यात आली. सरकारी वकील वाईट माणूस नव्हते. आवाज न चढवता त्यांनी एक-एक प्रश्न विचारला. घर केवढं, काम किती वेळ, तेव्हा मुलगी कुठे असते. आई सरळ उत्तरं देत होती. शेवटी ते म्हणाले, "रात्री तुम्ही झोपलात. मुलगी रडली. तुम्हाला कळणार कसं?"

दुभाषीने हातांनी प्रश्न पोचवला. हाच प्रश्न तिने जन्मभर ऐकला होता. शेजारपाजाऱ्यांकडून, मामीकडून, शाळेतल्या बाईंकडून. तुझ्या आईबाबांना तू रडलेली कळायची कशी गं?

आईचे हात हलले. 'नाही कळत. मी झोपलेली असते.' आणि मग आणखी काहीतरी, एका छोट्या खुणेने सुरू झालेलं.

कळत नाही! दुभाषीच्या डोळ्यांपुढे रिकामी खाट आली. पुढची खूण तिने धड पाहिलीच नाही. तिचं तोंड तिच्याआधी बोलून मोकळं झालं होतं.

"मी तिच्या पाठीवर हात ठेवून झोपते. ती रडली, की तिचा हुंदका माझ्या तळहाताला कळतो."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. लघुलेखकाने मान वर केली. ते वाक्य त्या खोलीत असं पसरलं, की सगळ्यांचे चेहरे मऊ झाले. खटला तिथेच जिंकल्यात जमा होता.

"थांबा."

बाई उभ्या होत्या.

"साहेब, हे उत्तर माझ्या अशिलाचं नाही."

न्यायाधीशांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "बाई, हे तुमच्याच बाजूचं उत्तर आहे."

"माझ्या बाजूचं आहे, साहेब. तिचं नाही. मला तिची भाषा पुरती येत नाही, पण ती काय बोलली नाही, एवढं मला दिसतं."

सरकारी वकील ताडकन उठले. दुभाषीच विश्वासाची नसेल तर आजची सगळी साक्ष रद्द करावी, मुलीला ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही, दत्तकाचं काम पुढे जाऊ द्यावं. कायद्याने त्यांचं म्हणणं रास्त होतं. दुभाषीने वकीलबाईंकडे पाहिलं. बाई तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या पिंजऱ्यातल्या आईकडे बघत होत्या, आणि हातांनी, मोडक्यातोडक्या खुणांनी, काय झालं ते तिला सांगत होत्या. आई गोंधळून एकदा यांच्याकडे, एकदा दुभाषीकडे पाहत होती.

"तुम्ही मनाने भर घातलीत?" न्यायाधीशांनी दुभाषीला विचारलं.

खोटं बोलायला आता जागाच नव्हती. "हो, साहेब."

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "दुभाषींना पुन्हा शपथ द्या. प्रश्न मी विचारतो. आणि बाई, तुम्ही साक्षीदाराकडे बघत राहा. काही कमीजास्त झालं, तर थांबवा. तुम्हाला ते जमतं."

प्रश्न पुन्हा गेला. मुलगी रात्री रडली तर कसं कळतं?

या वेळी दुभाषीने आईच्या हातांवरून नजर हलवली नाही. हात संपेपर्यंत ती गप्प राहिली. मग तिने जसं होतं तसं सांगितलं. आवाज तिचा, पण त्यात तिचं काही नव्हतं.

"नाही कळत. मी झोपलेली असते. ती रडत नाही. माझ्यापुढे रडून उपयोग नाही, हे तिला रांगायला लागल्यापासून माहीत आहे. तिला काही हवं असलं की ती येते. माझ्या गालावर हात ठेवते. मी उठते."

काही क्षण कुणाच्याच काही लक्षात आलं नाही. मग मागच्या बाकावरून आवाज आला.

"अगं बाई!" सांभाळणारी बाई उभी राहिली होती, हात तोंडावर. "ती मला उठवत होती! साहेब, पोर मला उठवत होती हो! आणि मी वेडी, घाबरून कूस बदलत होते!"

"खाली बसा," न्यायाधीश म्हणाले. पण त्यांचा आवाज कोर्टातला राहिला नव्हता. त्यांनी सकाळची साक्ष लघुलेखकाकडून पुन्हा वाचून घेतली. मुकाट उठते, अंधारातून येते, गालावर हात ठेवते. सरकारी वकील आपल्या कागदांकडे बघत होते. त्यांनी एकही कागद उलटला नाही.

कोर्टाच्या जिन्यावर दुभाषी कठड्याला धरून उभी राहिली. आता आपल्याला त्या खुर्चीवर बसता येणार नाही, हे तिने धरूनच टाकलं होतं. वकीलबाई मागून सावकाश उतरत आल्या आणि शेजारच्या पायरीवर टेकल्या.

"वाक्य सुंदर होतं हं तुमचं," त्या म्हणाल्या.

"बाई, नका ना."

"खरंच सांगते. राहू द्यावं, असं माझ्याही मनात आलं. क्षणभर नाही, चांगलं दोन क्षण."

"मग थांबवलंत का? आपण हरलो असतो. ती मुलगी..." तिने वळून विचारलं, "ती आई पुढे काय सांगणार, हे तुम्हाला माहीत होतं?"

"छे. तिच्या घरी दिवसभर बसले होते, पण मुलगी कुठे होती तेव्हा घरी? मला काय कळणार?" बाईंनी चपलेचा बंद सारखा केला. "पण ती माझ्याकडे बघत होती ना. न्यायाधीशांचा चेहरा बदललेला तिने पाहिला. तिला वाटलं, आपलंच बोलणं पोचलंय. खूश होऊन बघत होती हो माझ्याकडे."

दुभाषी त्यांच्याकडे बघतच राहिली. पांढरे केस, झिजलेल्या चपला, काळ्या कोटाला कोपराशी लावलेलं ठिगळ. हातात आलेला खटला या बाईने एका परक्या आईच्या नजरेपायी खाली ठेवला होता, पुन्हा मिळेल की नाही हे ठाऊक नसताना. ज्यांनी लहानपणी दुभाषीच्या डोक्यावर हात फिरवून 'आईला सांग' म्हटलं होतं, ते सगळे चांगलेच लोक होते. हे त्याहून काहीतरी वेगळं होतं, आणि त्याला काय म्हणावं, हे तिला दोन्ही भाषांत सुचेना.

"उद्या वेळेवर या," बाई उठत म्हणाल्या. "सकाळीच तो सलूनवाला येणार आहे. फार भरभर बोलतो."

निकाल आईच्या बाजूने लागला. मुलीला पहिल्यांदा ऑफिसातच आणलं गेलं, सांभाळणारी बाई स्वतः घेऊन आली. भिंतीवरचा दिवा लागला. आई अशिलाच्या खुर्चीवर, दाराकडे पाठ करून बसली होती. दिवा बघूनही तिला वळायचं धाडस होईना. मुलगी दारात थांबली. तिने हाक मारली नाही. खुर्चीला वळसा घालून ती समोर आली आणि आईच्या गालावर तळवा ठेवून उभी राहिली, आई जागीच होती तरी.

सांभाळणारी बाई बाहेरच्या बाकावर जाऊन नाक पुसत बसली. मावशी उगाचच पुसलेली फरशी पुन्हा पुसू लागल्या.

बऱ्याच वेळाने, मुलगी मांडीवर पेंगुळल्यावर, आईने हात मोकळे केले. तिने दुभाषीकडे पाहून विचारलं, 'त्या दिवशी तू माझ्या नावावर काय सांगितलंस?'

दुभाषीला चुकवता आलं असतं. तिने जसंच्या तसं सांगितलं. पाठीवर हात, हुंदका, तळहात.

आई आवाज न करता इतकी हसली, की मांडीवरची मुलगी हलली. 'रात्रभर हात ठेवून? मग मला झोप कधी लागणार? दिवसभर खोकी चिकटवते मी!' मग तिचं हसू ओसरलं. ती दुभाषीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, दुभाषीच्या आईने शेवटच्या आजारात पाहिलं होतं तसंच, जरा जास्त वेळ.

'पण हे तुला सुचलं कुठून? कुणाचा हात तो?'

इथे काहीच भाषांतर करायचं नव्हतं. तेवढ्यात फरशीवर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वकीलबाईंनी आपली खुर्ची जुन्या डागांवरून उचलली होती आणि मागे वळवून, दुभाषीच्या बरोबर समोर ठेवली होती. त्या बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि तिच्याकडे बघू लागल्या.

सुताराच्या त्या रुंद खुर्चीत दुभाषीचे हात वर आले.

'माझ्या बाबांचा,' ती म्हणाली.